क्रियापदाला ‘काय’ विचारा

शेजारच्या घरात दहावी असली की आपल्या घरातही अर्धीअधिक दहावी असते. टीव्हीचा आवाज आपण कमी करायचा, मिक्सर दुपारीच उरकून घ्यायचा, आणि जिन्यात मुलगी भेटलीच तर ‘अभ्यास कसा चाललाय?’ हा प्रश्न गिळून ‘पाऊस थांबला वाटतं’ म्हणायचं. एवढी पथ्यं आम्ही निमूट पाळत होतो. पण एका संध्याकाळी मुलीची आईच दार लोटून आत आली. मागे मुलगी, मुलीच्या हातात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक, आणि पुस्तकात खुणेसाठी घातलेलं बोट.

“भाऊजी, तुम्ही बँकेत होतात ना? हिला जरा नाउन क्लॉज समजावून सांगा.”

बँकेत माझा उभा जन्म गेला हे खरं. तिथे क्लॉजही पुष्कळ पाहिले. कर्जाच्या करारात ते पानोपानी असतात आणि ते कोणी वाचत नाही यावरच सगळा व्यवहार उभा असतो. पण नाउन क्लॉजशी माझा संबंध शाळेतच संपला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “हे ना? हे फार छान शिकवतात!” माझ्या शिकवण्याबद्दल बायकोचं असं काही मत आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिला फक्त मला स्वयंपाकघराच्या दारातून हलवायचं होतं, हे थोड्या वेळानं कळलं.

आमच्या सरांनी नाउन क्लॉज पकडण्याची एक युक्ती सांगितली होती. ती अजून पाठ होती. “क्रियापदाला ‘काय’ विचारा. जे उत्तर येईल तो नाउन क्लॉज. खाली रेघ मारा आणि पुढे चला.” सर आधी पोलीस खात्यात जाणार होते म्हणे. ‘आय नो दॅट ही इज लेझी.’ काय नो? ‘दॅट ही इज लेझी.’ सापडला! ‘ही सेड दॅट ही वॉज हंग्री.’ काय सेड? ‘दॅट ही वॉज हंग्री.’ हाही सापडला. क्रियापदाला कोपऱ्यात घेऊन ‘काय, काय, काय?’ असं दरडावलं की ते बिचारं सगळं ओकतं. वाक्याचा अर्थ कळण्याची गरज नव्हती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ‘हंग्री’ हा देश वाटायचा, पण रेघ चुकत नसे.

पोरगी माझ्यापेक्षा पुढची निघाली. “काका, विचारत बसायला वेळ कुठे असतो? ‘दॅट’ दिसला की तिथून फुलस्टॉपपर्यंत रेघ ओढायची.”

“आणि ‘द बुक दॅट आय बॉट’मधला दॅट?”

“तो अॅडजेक्टिव्ह क्लॉज. त्याच्या आधी नाउन असतं ना, बुक.”

उत्तर बिनतोड होतं. पण आता माझ्यातला मास्तर जागा झाला होता, आणि जागा झालेला मास्तर सहसा लवकर झोपत नाही. मी म्हटलं, “बरं. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट ही रिझाइन्ड’. दोन्हीकडे दॅटच्या आधी न्यूज. दोन्ही अॅडजेक्टिव्ह?”

ती गप्प. तिची आई गप्प. आतली भांडीही गप्प झाली. मी खुलवून सांगितलं. ‘त्यानं आणलेली बातमी’ यात बातमी आणलीय एवढंच कळतं, बातमी काय आहे ते गुलदस्त्यातच. ‘त्यानं राजीनामा दिल्याची बातमी’ यात मात्र राजीनामा हीच बातमी. म्हणून पहिला अॅडजेक्टिव्ह क्लॉज आणि दुसरा नाउन क्लॉज, नामाच्या शेजारी बसून त्याचीच फोड करणारा. ओळखायचं कसं? ‘दॅट’च्या जागी ‘विच’ घालून बघायचं. ‘द न्यूज विच ही ब्रॉट’ चालतं. ‘द न्यूज विच ही रिझाइन्ड’ अडखळतं. असा मुद्दा मी आयुष्यात पुन्हा इतका स्वच्छ मांडीन असं वाटत नाही.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, हे आमच्या पोर्शनला नसेल.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण होती. ज्या हातानं तिनं पानभर नाउन क्लॉज अचूक अधोरेखित केले होते, त्याच हातानं फोन कानाला लावून ती म्हणाली, “आय डोन्ट नो यार, व्हेन इज द प्रिलिम. आस्क हर ना, व्हॉट इज द पोर्शन.” एका दमात दोन नाउन क्लॉज, आणि दोन्ही मोडलेले. कागदावर पैकीच्या पैकी. मी रेघ मारायला पेन्सिल उचलली होती, ती खाली ठेवली.

तिला कशाला बोल लावायचा? सूट घालून परिषदांना जाणारे, इंग्रजीत स्वप्नं पडणारे लोकही इथेच आपटतात. ‘व्हेअर इज द स्टेशन?’ हा प्रश्न इंग्रजीत एकटा असतो तोवर त्याला ‘इज’ आधी मिरवायची मुभा असते. पण त्याला दुसऱ्या वाक्याच्या घरात शिरायचं असेल तर चपला दाराबाहेर काढाव्या लागतात: ‘आय नो व्हेअर द स्टेशन इज’. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’चं तर आणखी त्रांगडं. ‘डज’ला बाहेरच ठेवायचं आणि त्याच्याकडचा एस काढून ‘लिव्ह’ला चिकटवायचा: ‘व्हेअर ही लिव्ज’. आपल्याकडे अशी काही शिस्त नाही. ‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न जसाच्या तसा आत येतो. आपण त्याला फक्त एक ‘ते’ देतो: ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही.’ एकही शब्द जागचा हलत नाही. अशा मोकळ्या घरात वाढलेल्या माणसाला इंग्रजीच्या दारात अडखळायला होणारच.

हा नियम आमच्या घरात कोणी सर्वांत जास्त मनावर घेतला असेल तर तो माझ्या भाच्यानं. त्याला परदेशी शिकायला जायचं होतं, म्हणून तो आयईएलटीएसच्या क्लाससाठी आमच्याकडे डोंबिवलीला येऊन राहिला. क्लासमध्ये त्याला सांगितलं होतं की इंग्रज सरळ प्रश्न विचारत नाही. सरळ प्रश्न म्हणजे अंगावर धावून जाणं. प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात घालून विचारायचा. झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं परराष्ट्र खातं झालं.

“मामी, डू यू हॅपन टू नो विच डबा द साखर इज इन?”

“हॅपन-बिपन काही नाही. डोळे उघडून बघ, समोरच आहे.”

“मामा, आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी व्हेदर द गीझर इज ऑन.”

हे वाक्य पूर्ण होईपर्यंत मी गीझर लावून, पाणी काढून, आंघोळ करून बाहेर आलो असतो. आणि या पद्धतीत एक धोकाही आहे. इंग्रजीत तुम्ही मुळात विचारलेलं असतं, ‘तुम्हाला माहीत आहे का?’ भाच्यानं एकदा ठाण्याला एका वृद्ध गृहस्थांना थांबवून विचारलं, “एक्सक्यूज मी सर, डू यू नो व्हेअर द तिकीट काउंटर इज?” गृहस्थ म्हणाले, “येस.” आणि निघून गेले. व्याकरणाच्या दृष्टीनं संवाद निर्दोष झाला होता. भाचा विनातिकीट.

लोकलमध्ये तर या सभ्यतेला जागाच नाही. गर्दीत उभा असलेला माणूस बसलेल्याकडे बघून भुवई वर करतो. बसलेला म्हणतो, “ठाणे.” जागेचा करार झाला, ठाण्याला ती जागा त्याची. यात क्लॉज नाही, क्रियापद तर नाहीच. हेच इंग्रजीत नीट विचारायचं म्हटलं, ‘वुड यू माइंड टेलिंग मी व्हेअर यू आर गोइंग टू गेट डाउन’, तर तोवर ठाणं जाऊन मुलुंड येईल आणि जागेवर तिसराच बसलेला असेल.

बँकेत मात्र इंग्रजी लिहावंच लागे, आणि आमच्या बहुतेक दुर्घटना ‘की’पाशी घडल्या. मराठीत ‘की’च्या पुढे दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं ठेवायची सोय आहे. ‘तो म्हणाला की मी येतो.’ येणारा तो, मी नव्हे, हे पोरालाही कळतं. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘मी’चा ‘तो’ करावा लागतो, नाहीतर ‘ही सेड दॅट आय अॅम कमिंग’ म्हणताच तुम्हीच निघालेले असता. आमच्या शाखेतल्या एका कॅशियरला घरून फोन आला. गोड बातमी होती. गडी थरथरत केबिनमध्ये गेला. मॅनेजर मदुराईचे, मराठी जेमतेम. कॅशियर म्हणाला, “सर, माय वाइफ सेड दॅट आय अॅम प्रेग्नंट.”

मॅनेजरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पोटाकडे पाहिलं. पोट तसं संशयाला जागा देणारंच होतं. ते शांतपणे म्हणाले, “काँग्रॅच्युलेशन्स. बट मॅटर्निटी लीव्ह इज ओन्ली फॉर लेडी स्टाफ.”

दुसरा घोटाळा ‘डाउट’चा. आपल्याला ‘शंका आहे’ म्हणजे तसं घडलंय असंच वाटत असतं. शंका हा आपल्याकडे पुरावाच. इंग्रजीत ‘आय डाउट दॅट...’ म्हटलं की नेमकं उलट: तसं घडलं असेल असं मला नाही वाटत. एका तपासणी अधिकाऱ्यानं आमच्या शाखेतल्या स्टेशनरीच्या गळतीवर अहवाल लिहिला. त्यात ठसठशीत वाक्य होतं: ‘आय डाउट दॅट द प्यून हॅज टेकन द स्टेशनरी.’ त्याला वाटलं, आपण शिपायाला बेड्या ठोकल्या. मुख्य कार्यालयात दुर्दैवानं इंग्रजी येणारा एक माणूस बसला होता. त्यानं वाचलं की खुद्द तपासणी अधिकाऱ्यालाच शिपाई निर्दोष वाटतो. प्रकरण बंद झालं. शिपायाला वर्तणूक चांगली असल्याचा शेरा मिळाला, आणि त्याच्या घरची मुलं पुढे कित्येक वर्षं बँकेच्याच कागदावर गृहपाठ करत राहिली.

हे सगळं आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं असं नाही. आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घासलं. आमच्यापर्यंत येईस्तोवर रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ कपाटावर विराजमान झालं होतं. त्यात नाउन क्लॉजच्या बसायच्या पाच जागा ठरवून दिल्या आहेत: क्रियापदाचा कर्ता म्हणून, कर्म म्हणून, प्रिपोझिशनच्या मागे, अपुऱ्या क्रियापदाचं पूरक म्हणून, आणि नामाच्या शेजारी त्याची फोड करत. पाच जागा पाठ असल्या की माणूस इंग्रजीत पंडित समजला जाई. त्यानं तोंड उघडेपर्यंत.

मला फार उशिरा कळलं की या जोडीतले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली साहसकथा लिहिली. विलायतेतल्या एका वाड्यातून मौल्यवान नीलमणी नाहीसा होतो, तीन भाऊ एकामागोमाग घर सोडतात आणि थेट सहाराच्या वाळवंटात फ्रेंच फौजेत भरती होतात. १९३९ च्या चित्रपटात गॅरी कूपर होता. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं आमच्या पाच पाच तासांच्या दुपारी वाळवंट झाल्या, त्याला खऱ्या वाळवंटाचीही चांगली जाण होती! आणि गंमत बघा, त्या अख्ख्या कादंबरीचा जीव एका नाउन क्लॉजमध्ये अडकलाय: नीलमणी कोणी नेला ते. व्याकरणात त्याचं उदाहरण दिलं असतं तर आम्ही पुस्तक उशाशी घेऊन झोपलो असतो. पण व्याकरणाच्या उदाहरणांत कधी काही चोरीला जात नाही. तिथे एक मुलगा आळशी असतो, एक मास्तर म्हणतो की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, आणि वाक्य भूतकाळात असूनही पृथ्वी तेवढी वर्तमानकाळात फिरते, कारण ते त्रिकालाबाधित सत्य आहे. गॅलिलिओला चौकशीपुढे उभं राहावं लागलं. आमच्याकडे तेच सत्य एका मार्काला रिकामी जागा भरायला येई.

पुढे मोठ्या व्याकरणकारांनी या क्लॉजचं नावही बदललं. डेन्मार्कच्या येस्पर्सन यांनी त्याला ‘कंटेंट क्लॉज’ म्हटलं, आणि हल्लीची काही वजनदार व्याकरणंही तेच नाव वापरतात. नाव बदलून गुण बदलत असते तर आमच्या सोसायटीतल्या कमिटीचंही कल्याण झालं असतं.

नाउन क्लॉज न चुकता वापरणारा एकच वर्ग मला आजवर भेटला, तो म्हणजे सरकारी कारकून. ‘आय अॅम डायरेक्टेड टू से दॅट...’ या वाक्यात त्याचं सगळं तत्त्वज्ञान आलं. मी म्हणत नाही. मला म्हणायला सांगितलंय. कोणी सांगितलं? ते वाक्यात नाही. ‘इट हॅज बीन डिसायडेड दॅट...’ ठरलंय. कोणी ठरवलं? ठरलंय ना, मग झालं. मराठी फायलींनी हे इंग्रजांकडून उचललं आणि त्याला तूप लावलं. ‘आपणांस कळविण्यात येते की’, ‘असे निदर्शनास आले आहे की’, ‘सबब सूचित करण्यात येते की’. इथे आमच्या सरांची युक्ती लावून बघा. क्रियापदाला ‘काय’ विचारलं तर पानभर उत्तर मिळतं: आपला अर्ज अपूर्ण आहे, सोबत जोडलेली प्रत अस्पष्ट आहे, मूळ कागद पुन्हा सादर करावा. पण त्याच क्रियापदाला ‘कोणी’ विचारून बघा. कार्यालयात पंख्याशिवाय काही ऐकू येणार नाही.

आणि सरकारी कारकुनालाच का हसायचं? आपल्या बोलण्यात ‘म्हणे’ नावाचा अडीच अक्षरी चमत्कार आहे. ‘त्यांचं सुनेशी पटत नाही म्हणे.’ इंग्रजाला यासाठी ‘दे से दॅट’ किंवा ‘इट इज सेड दॅट’ असा प्रवेशद्वारापासूनचा खटाटोप करावा लागतो. आपण वाक्य आधी सोडून देतो आणि शेवटी ‘म्हणे’ लावून हात झटकतो. कोण म्हणे? कोणीच नाही. मजल्यावरच्या हवेतून आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ‘म्हणे’ इतक्या सफाईनं लावतात की स्वतः घडवलेली बातमीही त्या ऐकीव करून टाकतात. “तुमचा भाचा परीक्षेत नापास झाला म्हणे.” भाचा अजून परीक्षेला बसलाही नव्हता.

‘लोक काय म्हणतील’ याचं तर काय सांगावं! आपल्या मध्यमवर्गाचा सगळा संसार या एका नाउन क्लॉजवर चाललाय. सोफ्याचा रंग, मुलाची शाखा, लग्नातल्या पंगतीतली जिलबी, सगळं तोच ठरवतो. भाच्याला मुलाखतीच्या सरावात प्रश्न आला: तू निर्णय घेताना कशाचा विचार करतोस? तो मनापासून म्हणाला, “आय थिंक अबाउट व्हॉट विल पीपल से.” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “व्हॉट पीपल विल से.” भाच्यानं दुरुस्ती केली. विल पुढे-मागे झालं, लोक होते तिथेच राहिले.

यापुढची हकिकत मला टाळता आली असती तर बरं झालं असतं. भाच्याच्या मुक्कामात ‘हे व्याकरण फार छान शिकवतात’ ही बायकोनं सोडलेली बातमी ‘म्हणे’ लागून सेक्रेटरींपर्यंत पोहोचली, आणि सोसायटीच्या नोटिसा तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बिल्डिंगमध्ये काही घरं अमराठी असल्यामुळे नोटिसा इंग्रजीत काढायच्या असं चेअरमनांनी ठरवलं होतं. वास्तविक पाचव्या मजल्यावरचे केरळचे गृहस्थ चेअरमनांपेक्षा चांगलं मराठी बोलतात. पण नोटीस समजण्यासाठी असते असा कमिटीचा कधीच समज नव्हता.

पहिलीच नोटीस लिफ्टमधली: ‘ऑल मेंबर्स आर इन्फॉर्म्ड दॅट हू इज थ्रोइंग कचरा फ्रॉम गॅलरी विल बी फाइन्ड.’ मी ‘हूएव्हर थ्रोज’ केलं. सेक्रेटरी हिरमुसले. म्हणाले, “म्हणजे कोणीही टाकू शकतो असा अर्थ होत नाही ना?” मी म्हटलं, “तसं तर आत्ताही कोणीही टाकतोच आहे.” कचरा टाकणारा अजून सापडायचा आहे.

दुसरी नोटीस पार्किंगची होती आणि तिनं सोसायटीत उभी फूट पाडली. वाक्य साधं होतं: जो आधी पैसे भरेल त्याला जागा. मी लिहिलं, ‘पार्किंग विल बी अलॉटेड टू हूएव्हर पेज फर्स्ट.’ चेअरमनांनी ती भर सभेत वाचली आणि थांबले.

“टू नंतर हूम येतं. टू हूएव्हर नाही, टू हूमएव्हर.”

“नाही साहेब. टू-चं कर्म तो शब्द नाही, तो अख्खा क्लॉज आहे. क्लॉजच्या आत पैसे भरणारा कर्ता आहे, म्हणून हूएव्हर.”

“मग ‘टू हूम इट मे कन्सर्न’ काय चूक आहे?” चेअरमनांनी विजयी मुद्रेनं चौफेर पाहिलं. आयुष्यभर दाखले देण्याघेण्यात गेलेली माणसं समोर होती. टाळ्याच पडल्या.

“त्यात कर्ता ‘इट’ आहे. ज्याच्याशी त्याचा संबंध येतो तो...”

“म्हणजे कन्सर्न नाही तर हूम नाही, असंच ना?” खजिनदार म्हणाले. “पार्किंगचा कोणाला कन्सर्न नाही इथे? सगळ्यांना आहे!”

शेवटी मतदान झालं. व्याकरणाचा नियम हात वर करून ठरवलेला मी तरी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. हूमएव्हर प्रचंड बहुमतानं निवडून आला. माझ्या बाजूनं पाचव्या मजल्यावरचे केरळचे गृहस्थ आणि माझी बायको एवढेच. बायकोनंही हात कपाळावरची टिकली सारखी करायला वर केला होता, असं ती नंतर म्हणाली. इतिवृत्तात नोंद झाली: ‘इट वॉज नोटेड दॅट वन मेंबर वॉज हॅविंग डिफरन्स.’ कोणाशी, कशाबद्दल, काही नाही. मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही.

मग उरला ठराव क्रमांक चार. चेअरमनांच्या नव्या गाडीवर कोणीतरी किल्लीनं ओरखडा काढला होता. सगळ्यांना कोणी काढला ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे कोणालाही कळू द्यायचं नव्हतं. ठरावाची भाषा कडक हवी, पण कोणाच्या अंगावर जाणारी नको, नाव नको, इशारा हवा, आणि सांगणाऱ्याला संरक्षण हवं, अशा परस्परविरोधी मागण्या चारी बाजूंनी आल्या. असल्या कामाला जगात एकच साधन आहे. मी पेन घेतलं. एरवी सरळ हिशेबाचा माणूस मी, पण त्या रात्री माझ्या अंगात साहेबाचा कारकून शिरला.

‘रिझॉल्व्ड दॅट द कमिटी शुड फाइंड आउट हू स्क्रॅच्ड द कार, दॅट हूएव्हर नोज व्हॉट हॅपन्ड शुड स्टेट व्हॉट ही ऑर शी सॉ, अँड दॅट व्हॉट इज सो स्टेटेड शुड नॉट बी डिस्क्लोज्ड टू हूएव्हर आस्क्स हू सेड इट.’

मी ते सावकाश वाचलं. सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये टाकलेल्या सतरंजीवर, विलक्षण समाधान पसरलं. चेअरमनांना ते आपल्या बाजूचं वाटलं. ज्यानं ओरखडा काढला होता त्यालाही ते आपल्याच बाजूचं वाटलं, कारण सर्वांत आधी ‘मंजूर, मंजूर!’ तोच म्हणाला. हूएव्हर दोनदा आला होता, पण या वेळी हूमएव्हरची आठवण कोणालाही झाली नाही. सेक्रेटरींनी सूचक आणि अनुमोदकाची नावं लिहायला इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

तेवढ्यात गेटवरून वॉचमन धावत आला.

“साहेब, टँकरवाला म्हणतोय की मी चाललो! गाड्या आडव्या लावल्यात, आत घेता येईना म्हणतोय.”

सतरंजी क्षणात रिकामी झाली. खजिनदार एका चपलेवर धावले, चेअरमन ओरखड्यासकट गाडीत बसून गाडी मागे घेऊ लागले, काकू गॅलरीच्या दिशेनं “अगं, पाणी आलं, ड्रम लाव!” म्हणून ओरडत सुटल्या. मी सतरंजीच्या घड्या घालू लागलो. आणि सेक्रेटरी वही छातीशी धरून सगळ्यांच्या मागे पळत होते, “अहो, ठराव कोणी मांडला? निदान कोणी मांडला तेवढं सांगून जा!”